बाहेरून घ्या

ग्रामीण रुग्णालयाच्या औषधखिडकीत केसपेपर सरकवला की आतून थोडा वेळ कपाटाचे आवाज येतात आणि कागद परत येतो. दादाच्या कागदावर तीन औषधं असतात. दोनांपुढे बरोबरची खूण असते. त्या गोळ्या पट्टीतून कात्रीने कापून कागदी पाकिटात मिळतात. तिसऱ्या नावाभोवती पेनाने गोल केलेला असतो आणि बाजूला लिहिलेलं असतं, ‘बाहेरून घ्या’. तो गोल बहुतेक वेळा रिस्पेरिडोनभोवतीच असतो. जी गोळी दादाला माणसांत ठेवते, ती नसते. तिच्यामुळे हात थरथरू नयेत म्हणून दिलेली दुसरी गोळी मिळते.

दादा एक्कावन्न वर्षांचा आहे. बावीस वर्षं त्याला स्किझोफ्रेनिया आहे. मराठवाड्यातल्या आमच्या गावात याला ‘डोक्याचा त्रास’ म्हणतात, आणि भांडणात बोलायचं असेल तर ‘येरवड्याला पोचवा’ म्हणतात. आई गेल्यापासून तो माझ्याकडे असतो. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. दर महिन्याला पगार होतो, म्हणून समोरच्या मेडिकलमधून गोळी विकत घेणं मला जमतं. रांगेत माझ्यामागे उभ्या असलेल्या बऱ्याच जणांना ते जमत नाही. एका दिवाळीत मेडिकलमध्येही माल आला नव्हता आणि बारा दिवस गोळी चुकली. चौथ्या रात्री दादाची झोप गेली. सहाव्या दिवशी तो नळ पुन्हा पुन्हा घट्ट करू लागला, उठून उठून दाराची कडी बघून येऊ लागला. दहाव्या दिवशी त्याने मला अगदी हळू आवाजात सांगितलं की स्टँडवरचे कंडक्टर आपल्याबद्दलच बोलतात. त्यातून सावरायला तीन महिने लागले.

म्हणून मानसिक आरोग्याचा कायदा मी त्या गोल केलेल्या नावापासून वाचायला सुरुवात करते. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७. २०१८ च्या मे महिन्यापासून तो लागू आहे. त्याच्या अठराव्या कलमात, दहाव्या पोटकलमात म्हटलं आहे की सरकारने अत्यावश्यक औषधांची यादी जाहीर करावी आणि त्या यादीतली सगळी औषधं मानसिक आजार असलेल्या प्रत्येकाला मोफत आणि सर्वकाळ उपलब्ध असावीत. कुठून पुढे, तेही लिहिलं आहे: सामुदायिक आरोग्य केंद्रापासून वर. आपल्याकडे त्याला ग्रामीण रुग्णालय म्हणतात. म्हणजे हक्क कुठे सुरू होतो तर नेमका त्याच खिडकीशी, जिथे मी महिन्याच्या महिन्याला उभी असते.

हा कायदा वाईट आहे, असं मला म्हणायचं नाही. उलट, आरोग्याच्या बाबतीत सरकारने इतक्या नेमक्या शब्दांत स्वतःला बांधून घेतल्याची उदाहरणं आपल्याकडे फार थोडी आहेत. माझी तक्रार वेगळी आहे. या कायद्याने मनोरुग्णालयाच्या दाराशी काय घडावं यावर पुष्कळ विचार केला आणि तो बराचसा अमलातही आला. पण त्या दारापर्यंत जायची वेळच येऊ नये म्हणून जी कलमं लिहिली, त्यांच्यामागे ना माणसं उभी राहिली ना पैसे. आणि याची किंमत घरं मोजताहेत.

आधी जे बदललं ते सांगते, कारण ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. दादाला पहिल्यांदा भरती केलं तेव्हा १९८७ चा कायदा होता. त्याच्याआधी १९१२ चा इंग्रजांचा कायदा, ज्याच्या नावातच ‘ल्युनसी’ हा शब्द होता. दोन्हींची धाटणी एकच: माणूस आत कसा टाकायचा, कोणाच्या आदेशाने, आणि त्याच्या मालमत्तेचं काय करायचं. आम्ही दादाला भाड्याच्या जीपमधून नेलं. दोन चुलतभावांच्या मध्ये तो बसला होता आणि त्याचे हात माझ्या ओढणीने बांधलेले होते. सही अण्णांनी केली. त्या दिवशी दादाशी कोणी एक शब्द बोललं नाही, आम्हीसुद्धा नाही. २०२१ मध्ये पुन्हा भरती करावं लागलं तेव्हा डॉक्टरांनी खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसून विचारलं, “तुम्हाला स्वतःहून राहायचंय का? आणि तुम्हाला ठरवता आलं नाही तर तुमच्या वतीने कोणी बोलावं?” दादाने बराच वेळ खाली बघितलं आणि माझं नाव घेतलं. कायद्याच्या भाषेत मी त्याची नामनिर्देशित प्रतिनिधी झाले. आमच्या घरात त्या एका प्रश्नाने जे झालं ते आधीच्या पंधरा वर्षांत झालं नव्हतं. दादा त्यानंतर गोळीला नाही म्हणत नाही.

कायद्याने असं बरंच केलं आहे. साखळीने बांधून ठेवायला साफ मनाई आहे. यामागे एरवाडीची राख आहे. तमिळनाडूतल्या त्या गावी ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे झोपडीला आग लागली आणि साखळ्यांनी बांधलेली २८ माणसं तिथे गेली. पळताच आलं नाही. भूल दिल्याशिवाय शॉक देता येत नाही. घरच्यांच्या किंवा इतरांच्या अर्जावरून, संमतीशिवाय भरती करायचं असेल तर त्याला दिवसांची मुदत आहे, तज्ज्ञांची स्वतंत्र तपासणी आहे आणि वर अशी प्रकरणं तपासणारं पुनर्विलोकन मंडळ आहे. पोलिसांना रस्त्यावर भटकणारा आजारी माणूस सापडला तर त्याला कोठडीत टाकता येत नाही, सरकारी दवाखान्यात न्यावं लागतं. आणि आत्महत्येचा प्रयत्न. भारतीय दंड संहितेच्या ३०९ कलमाखाली त्याला एक वर्षापर्यंत कैद होती. ज्या घरात माणूस मरता मरता वाचला त्याच घरात जबाब घ्यायला पोलीस येत, आणि त्या भीतीने लोक दवाखान्यात खोटं सांगत. २०१७ च्या कायद्याच्या ११५ व्या कलमाने म्हटलं की असा माणूस तीव्र ताणाखाली होता हेच गृहीत धरा; त्याला शिक्षा नको, त्याची काळजी घेणं हे सरकारचं कर्तव्य आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ३०९ कलम उरलेलंच नाही. एखाद्या सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा राहिला आहे. ज्या भागात शेतकऱ्याचं मरण ही रोजच्या पेपरातली बातमी आहे, तिथे या एका बदलाचं मोल मोठं आहे.

यावर घरच्या लोकांचा एक आक्षेप असतो आणि तो मी झटकून टाकणार नाही. ते म्हणतात, “त्याला कळतच नाही, तर त्याला विचारायचं कशाला? आम्ही रात्र रात्र जागतो, मार खातो, आणि कायदा म्हणतो त्याची मर्जी बघा.” काही मनोविकारतज्ज्ञही म्हणतात की आपल्याकडे माणूस एकटा नसतो, कुटुंबाचा असतो, हा कायदा संयुक्त राष्ट्रांच्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या कराराला जुळवून घेण्यासाठी लिहिला गेला आणि कुटुंबाला त्याने दाराबाहेर उभं केलं. मीही त्या रात्री जागले आहे. माझ्या मनगटावर अजून वळ आहे. तरी मला वाटतं की हा राग चुकीच्या कलमावर निघतो आहे. दादाला विचारलं म्हणून आमचे हाल झाले नाहीत. आमचे हाल झाले ते औषध तुटलं म्हणून आणि तुटल्यावर सहाव्या दिवशी, तो नळ घट्ट करत होता तेव्हा, घरी येऊन बघणारं कोणी नव्हतं म्हणून. माणूस हाताबाहेर गेल्यावरच ज्या घराला मदत मिळते, त्या घराला संमतीचा नियम जाचणारच.

आता माणसांकडे येते. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. बारा राज्यांत केलं. त्यात महाराष्ट्र नव्हता. त्यातून दिसलं की प्रौढांपैकी साधारण १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार होता, आणि आजारागणिक ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचतच नव्हते. देशात लाख लोकांमागे ०.७५ मनोविकारतज्ज्ञ असल्याचं सांगितलं जातं. असायला हवेत ३. महाराष्ट्राची लोकसंख्या साडेबारा कोटी धरली तर या हिशेबाने राज्याला पावणेचार हजार तज्ज्ञ लागतील. आणि जे आहेत ते कुठे आहेत, हे मुंबई-पुण्यातल्या कोणत्याही मोठ्या रस्त्यावरच्या पाट्या वाचल्या तरी कळतं.

कायद्याला हे माहीत नव्हतं असं नाही. एकतिसाव्या कलमात सरकारांनी दहा वर्षांच्या आत लोकसंख्येच्या प्रमाणात आंतरराष्ट्रीय निकषांएवढे तज्ज्ञ तयार करण्याचा प्रयत्न करावा, असं लिहिलं आहे. ती दहा वर्षं २०२८ च्या मे महिन्यात पुरी होतात. मी शिक्षिका आहे. मुलांना दहा वर्षांचा अभ्यासक्रम द्यायचा झाला तर पहिलीतच सुरुवात करावी लागते. मनोविकारतज्ज्ञ घडायला एमबीबीएसनंतरची तीन वर्षं धरून आठ-नऊ वर्षं जातात. म्हणजे २०२८ साठीची माणसं २०१९ च्या सुमारास वर्गात बसायला हवी होती.

पैशाचं तसंच. २०२३-२४ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात मानसिक आरोग्यासाठी म्हणून जे ९१९ कोटी रुपये दाखवले होते, त्यातले ७२१ कोटी एकट्या निम्हान्ससाठी होते. १३४ कोटी टेलिमानसला, म्हणजे फोनवरून सल्ला देणाऱ्या सरकारी सेवेला, ६४ कोटी आसामातल्या तेजपूरच्या मानसिक आरोग्य संस्थेला. निम्हान्स ही या देशाची मोठी जमेची बाजू आहे, तिला पैसे मिळालेच पाहिजेत. टेलिमानसही कामाची आहे. १४४१६ हा क्रमांक मी आमच्या शाळेच्या फळ्यावर लिहून ठेवला आहे. पण तालुक्याच्या खिडकीवरची गोळी यातल्या कोणत्याच आकड्यात नाही. ती जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात येते, जो १९९६ मध्ये कर्नाटकातल्या बेल्लारीच्या अनुभवावरून सुरू झाला आणि आता राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या मोठ्या थैलीतून चालतो. त्या थैलीत आमच्या गोळीचा हिशेब शोधायला गेलं तर हाताला लागत नाही. जो खर्च वेगळा दिसत नाही तो तुटला तरी कोणाच्या लक्षात येत नाही.

विम्याचं एका वाक्यात सांगते. कायद्याने शारीरिक आजारासारखाच मानसिक आजारालाही विमा द्या म्हटलं, विमा नियामकाने २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये कंपन्यांना बजावलं, पण बहुतेक पॉलिसी भरती झाल्यावरच पैसे देतात आणि दादासारख्यांचा आजार भरतीचा नसतो, रोजच्या गोळीचा असतो.

कायदा पुढे गेला आणि व्यवस्था मागे राहिली तर काय होतं याचा अनुभव अमेरिकेने घेऊन झाला आहे. १९५५ मध्ये तिथल्या सरकारी मनोरुग्णालयांत साडेपाच लाखांवर माणसं होती. ३१ ऑक्टोबर १९६३ रोजी अध्यक्ष केनेडी यांनी सामुदायिक मानसिक आरोग्याच्या कायद्यावर सही केली. त्यांच्या बहिणीवर, रोझमेरीवर, १९४१ मध्ये मेंदूची शस्त्रक्रिया झाली होती आणि तिचं उरलेलं आयुष्य संस्थेत गेलं. ती सही करणारा माणूस घरातून शिकून आला होता, हे मला भाऊ-बहिणीच्या नात्यामुळे फार जवळचं वाटतं. भिंतींच्या आतली माणसं आपापल्या गावात राहतील आणि गावातच केंद्रं असतील, अशी कल्पना होती. तीन आठवड्यांनी केनेडींची हत्या झाली. सुमारे दीड हजार केंद्रं योजली होती, त्यातली जवळपास निम्मीच उभी राहिली, आणि चालवायला कायमचा पैसा आलाच नाही. रुग्णालयं मात्र रिकामी होत गेली. पुष्कळ माणसं फुटपाथवर आणि तुरुंगात पोचली.

आपल्याकडे भिंती अजून भरलेल्या आहेत. महाराष्ट्रात इंग्रजांच्या काळापासूनची चार प्रादेशिक मनोरुग्णालयं: येरवडा २५४० खाटा, ठाणे १८५०, नागपूर ९४०, रत्नागिरी ३६५. चारपैकी एकही मराठवाड्यात नाही. कायद्याच्या एकोणिसाव्या कलमानुसार केवळ घर नाही, घरचे नेत नाहीत किंवा बाहेर सोय नाही एवढ्या कारणाने कोणालाही आत ठेवता येत नाही. त्यासाठी सरकारने अर्धवाट-गृहं, म्हणजे रुग्णालय आणि घर यांच्या मधला मुक्काम, आणि एकत्र राहण्याची घरं उभी करावीत, हेही तिथेच लिहिलं आहे. तरी मनोविकारतज्ज्ञ डॉ. हरीश शेट्टी यांना मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका करावी लागली, आणि बरे झालेले, घरी जाण्याजोगे, तरी दहा-दहा वर्षं आत असलेले रुग्ण आहेत हे त्या सुनावण्यांत पुढे आलं. अशा माणसांना घरी न नेणाऱ्या नातेवाइकांना शिव्या देणं सोपं आहे. मला त्या बहिणी-वहिन्यांचे चेहरे दिसतात. नेलं तर गोळी कुठून आणायची, चुकली तर कोणाला बोलवायचं, या दोन प्रश्नांना उत्तर नसताना दार उघडायला फार धाडस लागतं.

तज्ज्ञ पावणेचार हजार होईपर्यंत थांबायचं का? थांबायला नको, आणि याचा पुरावा आपल्याच परिसरात आहे. गोव्यात ‘संगाथ’ संस्थेने डॉ. विक्रम पटेल यांच्या पुढाकाराने प्राथमिक आरोग्य केंद्रांतून एक मोठा प्रयोग केला. वैद्यकीय शिक्षण नसलेल्या स्थानिकांना समुपदेशनाचं प्रशिक्षण दिलं, त्यांच्या पाठीशी डॉक्टर आणि मनोविकारतज्ज्ञ ठेवले, आणि सरकारी केंद्रांत येणारे नैराश्याचे व चिंतेचे रुग्ण लक्षणीय प्रमाणात बरे झाले. २०१० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने त्याचे निष्कर्ष छापले. नाशिक जिल्ह्यात पेठ तालुक्यात ‘आत्मीयता’ या उपक्रमाने गावातल्याच विश्वासाच्या माणसांना ऐकायला, ओळखायला आणि पुढे पाठवायला शिकवलं. हे काम पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या त्याच केंद्राचं, जिथले डॉ. सौमित्र पठारे २०१७ च्या कायद्याच्या मसुद्यावर काम करत होते. म्हणजे ज्यांनी कायदा लिहायला हात लावला त्यांनीच गावात माणूस उभा करून दाखवला. मग सरकारला हे जिल्ह्याजिल्ह्यांत का करता येऊ नये? आशाताई घरोघर जातातच. पण त्यांच्या डोक्यावर आणखी एक रजिस्टर ठेवून हे होणार नाही. वेगळा मोबदला, वेगळं प्रशिक्षण आणि फोन केल्यावर उचलणारा डॉक्टर द्यावा लागेल. अतितीव्र आजारात समुपदेशन पुरत नाही, तिथे गोळी आणि तज्ज्ञच लागतात. मात्र नळ घट्ट करणारा दादा सहाव्या दिवशी ओळखायला आशाताई पुरते.

आणि कायद्यातच एक वाट आहे जी कोणी वापरत नाही. अठराव्या कलमानुसार किमान सेवा जिल्ह्यात सरकारकडे नसेल तर त्या माणसाला जिल्ह्यातल्या दुसऱ्या कोणत्याही मानसिक आरोग्य सेवेत उपचार घेता येतात आणि खर्च सरकारने सोसायचा असतो. वाचा पुन्हा: खर्च सरकारने सोसायचा. मी तीन कार्यालयांत विचारलं, या पैशांसाठी अर्ज कुठे करायचा. एकाही ठिकाणी नमुना नव्हता, टेबल नव्हतं, ज्याला विचारावं असा माणूस नव्हता. ज्या हक्काला अर्जाचा नमुना नाही तो हक्क खेड्यातल्या माणसाला कधीच मिळत नाही, हे सातबाऱ्यापासून शिष्यवृत्तीपर्यंत आपण सगळे जाणतो. राज्य सरकारने एक शासन निर्णय काढावा: नमुना कोणता, द्यायचा कोणाला, पैसे किती दिवसांत. दुसरं, प्रत्येक ग्रामीण रुग्णालयाच्या दर्शनी फलकावर मानसिक आजारांच्या औषधांचा त्या दिवसाचा साठा लिहावा, आणि साठा संपण्याआधी पंधरा दिवस मागणी जाणं सक्तीचं करावं. क्षयरोगाच्या गोळीचा माग शासन ठेवू शकतं तर हिचाही ठेवू शकतं. तिसरं, पुनर्विलोकन मंडळांसमोर फक्त भरतीची प्रकरणं का जावीत? न्यायाधीश, जिल्हाधिकाऱ्यांचा प्रतिनिधी, डॉक्टर आणि आजार जगलेले किंवा सांभाळणारे लोक ज्या टेबलाभोवती बसतात, तिथे तुटलेल्या औषधाची तक्रारही रुग्णाच्या हक्काचा भंग म्हणूनच ऐकली गेली पाहिजे. सेवेतल्या उणिवांच्या तक्रारी ऐकण्याचा अधिकार कायद्याने त्यांना दिलेला आहे.

गेल्या पावसाळ्यात मी एका कागदावर अठराव्या कलमातलं ते वाक्य मराठीत लिहून काढलं, खाली दादाचं नाव, औषधाचं नाव आणि ते न मिळाल्याच्या चार तारखा लिहिल्या, आणि वैद्यकीय अधीक्षकांच्या नावे अर्ज दिला. आवक-जावकच्या बाईंनी शिक्का मारून पोच दिली. एकवीस दिवसांनी गोळ्या आल्या. किती दिवस पुरतील हे खिडकीतल्या भाऊंनाही सांगता आलं नाही, पण आल्या. त्यांच्यावर माझा राग नाही. नसलेलं औषध ते तरी कुठून देणार?

त्या गुरुवारी रांगेत तांड्यावरून आलेली एक मावशी होती, मुलाला घेऊन. तिच्या कागदावरही गोल होता. माझ्या हातातल्या पोचीकडे बघून तिने विचारलं, “काय लिवलंय त्यात, वाचून दाखव की.” मी वाचलं. ‘सर्वकाळ’ या शब्दाशी तिने माझ्या हाताला हात लावून थांबवलं.

“ते पुन्हा वाच,” म्हणाली.

मी पुन्हा वाचलं. मग वहीचं पान फाडून तिच्यासाठी तसाच अर्ज लिहायला बसले. मुलाचं नाव, औषधाचं नाव, तारखा. तारखा तिला आठवत नव्हत्या, पण मुलाला सगळ्या पाठ होत्या. त्याने एकेक सांगितली.